सुमनची जन्मतारीख

तलासरी, १९ जून २०१७

शाळेतल्या नव्या संगणकांवर लिनक्स आहे आणि दाखल्यांचं सॉफ्टवेअर विंडोजचं. वाइन नावाच्या प्रोग्राममधून ते कसंबसं चालवलं. पण दिवस-महिन्याची अदलाबदल झाली. यंदा दहावी झालेल्या सुमनच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक जूनऐवजी सहा जानेवारी छापली गेली.

"चुकलं, दुसरा देतो," मी तिच्या आईला म्हणालो.

"राहू द्या गुरुजी. भात झोडून झाला तवाच झाली ही. जूनात तर तुम्ही मास्तरांनी जन्माला घातली."

खरंच आहे. दहा वर्षांपूर्वी पहिलीच्या पटावर सगळ्यांनाच एक जून मीच लिहिला होता. विचारलं का नाही तेव्हा?

दहावीच्या प्रमाणपत्रावरही एक जूनच. डहाणूला अकरावीचा प्रवेश अडेल, म्हणून पुन्हा एक जूनच घालून दाखला दिला. आईने तो घडी करून पिशवीत ठेवला. आज मी चूक सुधारली, की तीच पुन्हा केली?