सात नंबरचा पोशाख

प्रिय ठकू,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच बाजूला ठेवशील अशी भीती होती, म्हणून पत्ता आईकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे हात अडखळतोय. पण जे सांगायचं आहे ते फोनवर मला जमलं नसतं. मी मध्येच 'बरं, ठेवतो' म्हणून मोकळा झालो असतो.

आधी घरची खबर. दुकान बंद केल्याला दोन वर्षं झाली, हे तुला ठाऊक असेल. गुडघ्यांनी संप पुकारला आणि बसून कापड बेतायला मला कधी जमलंच नाही. चार महिने घरात बसून मी आईच्या पडद्यांच्या शिवणी उसवायचो आणि पुन्हा घालायचो. शेवटी ती म्हणाली, "एक तर काम शोधा, नाहीतर माझ्या पडद्यांना सोडा." तेवढ्यात आपलं ते जुनं गिऱ्हाईक भेटलं, सव्वासहा फुटी, ज्याच्या कोटाला नेहमी कापड कमी पडायचं. त्याची आता मोठी कंपनी आहे, तिथे सगळे त्याला साहेब म्हणतात. सुपरहिरोंच्या फिगर बनवतात, फूटभर उंचीच्या, संग्रह करणाऱ्यांसाठी. लहान मुलांसाठी नव्हे बरं का! केस पिकलेली, पोट सुटलेली शहाणीसुरती माणसं त्या काचेच्या कपाटात मांडतात आणि पोशाखाची एक शिवण वाकडी दिसली तर पानपानभर तक्रारी लिहितात. त्याला कापडातलं कळणारा माणूस हवा होता. तर ठकू, तुझा बाप दीड वर्षं सुपरहिरोंच्या कपड्यांची पारख करत होता. हस. मीही पहिल्या दिवशी हसलो होतो.

पण आठवड्याभरात माझं हसू विरलं. तिसऱ्या मजल्यावर मला एक खोली दिली होती. मोठी खिडकी, पांढरं टेबल, भिंग लावलेला दिवा आणि भिंतीच्या कपाटात ओळीने उभे असलेले उघडेबंब वीर, डॉक्टरची वाट बघत असल्यासारखे. तिथे मी चाळीस वर्षांचं शिकलेलं पुन्हा मुळापासून शिकलो. माणसाच्या अंगावर जे कापड मऊ पडतं, ते त्या एवढ्याशा अंगावर ताडपत्रीसारखं ताठ उभं राहतं. माणूस लहान करता येतो, कापडाचा धागा लहान करता येत नाही. केप खांद्यावरून खाली वाहिली पाहिजे, पंख्यासारखी फाकता कामा नये. कोपर वाकवलं, गुडघा टेकवला, हात वर नेला, तरी बाही जोडतात त्या मुंढ्यात ओढ बसता कामा नये. पोशाख पन्नास वेळा घालायचा, पन्नास वेळा काढायचा. ओल्या पांढऱ्या चिंधीत गुंडाळून आठवडाभर उबदार कपाटात ठेवायचा आणि रंग सुटतो का बघायचं, कारण काळ्या-निळ्या कापडाचा डाग एकदा प्लास्टिकच्या अंगावर बसला की जन्मात जात नाही. अंगठ्याच्या नखाएवढी कॉलर, तिला अस्तर, अस्तराला हातशिलाई. भिंगाखाली बघताना मी कित्येकदा श्वास रोखून धरायचो. माझ्या श्वासाने ती बाही उडून जाईल असं वाटायचं.

गेल्या महिन्यात कंपनीने एक नवा वीर काढायचं ठरवलं. नाव सेतुवीर. त्याची गोष्ट दोन पानांची. कोसळणारा पूल त्याने सगळी माणसं पार होईपर्यंत दिवसभर डाव्या खांद्यावर तोलून धरला आणि त्यानंतर तो खांदा कधी पूर्ववत झाला नाही. ही दोन पानं, एक चित्र आणि एक उघडी फिगर, एवढंच बारा कारागिरांना पाठवलं होतं. त्यांनी एकेक पोशाख शिवून द्यायचा आणि ज्याचा पसंत पडेल त्याला पुढची तीन वर्षं या वीराचं सगळं काम. नावं बंद पाकिटात, पोशाखांवर फक्त आकडे. मापं, शिवण, कापड बघणार मी. रंग बघणार आमची रंगारीण, जी या वीरांचे डोळे रंगवते आणि दिवसभर कुणाशी बोलत नाही.

पहिले सहा पोशाख चांगले होते. चार नंबर तर असा झगमगीत की साहेबांनी तिथेच टाळी दिली. मग मी सात नंबर घातला, फिगर टेबलावर उभी केली आणि चष्मा पुसला. मला वाटलं, हा प्लास्टिकचा माणूस मुळात वाकडा आलाय. डावा खांदा खाली होता. पडलेला, दमलेला, पण मान ताठ. पोशाख काढला आणि फूटपट्टी लावली, तर दोन्ही खांदे अगदी सारखे! पुन्हा घातला, पुन्हा खांदा पडला. ठकू, मी तीनदा घातला आणि तीनदा काढला. सगळी करामत कापाची होती. डावा मुंढा किंचित खोल, त्या बाजूचा उतार सुताभर जास्त, आणि केपचं वजन नकळत उजवीकडे घेतलेलं, जसं दुखऱ्या खांद्याचा माणूस पिशवी आपोआप दुसऱ्या खांद्यावर घेतो तसं. आत उलटून बघितलं तर डाव्या खांद्याला आतून तीन पदरी ठिगळ, जे कुणाला कधी दिसणार नव्हतं. त्याच्या शिवणीच्या कडाही दाबून गुळगुळीत केल्या होत्या. कुणाला टोचू नये म्हणून? प्लास्टिकला काय टोचणार! पण शिवणाऱ्याच्या मनात तो प्लास्टिकचा नव्हताच.

मी जन्मभर काय केलं तुला ठाऊक आहे. लोकांचे पडलेले खांदे लपवले. आत गादी भरली, वर इस्त्री फिरवली आणि माणूस आरशात सरळ दिसला की पाठ थोपटून घेतली. इथे कुणीतरी धडधाकट खांदा पाडून दाखवला होता आणि त्या फूटभर बाहुल्याला असा मान आला होता की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. खरंच उठलो, गुडघे विसरून. रंगारीण बघत होती. तीही हातातला ब्रश ठेवून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "याला बसायला खुर्ची द्यावीशी वाटते." दीड वर्षात ती माझ्याशी एवढं लांब वाक्य कधी बोलली नव्हती.

साहेबांना मात्र चार नंबरच हवा होता. "फोटोत हाच उठून दिसतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "फोटोत तो दिसेल, पण कपाटात वीस वर्षं हाच बघवेल," आणि सात नंबर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फिरवून बघितला. मग नकळत आपला स्वतःचा खांदा चोळायला लागले. आठवडाभराने चिंध्या सोडल्या तेव्हा चार नंबरसकट सहा पोशाखांचा रंग उतरला होता. सातची चिंधी कोरी निघाली.

एक गोष्ट कबूल करतो. मी हात ओळखला नाही. मला वाटत होतं, हा कुणीतरी माझ्याहून म्हातारा कारागीर असणार. आयुष्यात पुष्कळ दुखरी माणसं मापलेला. पाकीट उघडलं की त्याला भेटायला जायचं, हेही मी मनात ठरवून टाकलं होतं. मग साहेबांनी पाकीट फोडलं आणि तुझं नाव वाचलं. आडनाव ऐकून ते माझ्याकडे बघून हसले, "तुमच्या नात्यातलं कुणी?" मी ती चिठ्ठी हातात घेऊन नाव पुन्हा वाचलं. मग म्हटलं, "माझी मुलगी." आणि लगेच माझा गुणांचा कागद मागून घेतला. बापाने दिलेले गुण कसे चालतील? मी सही खोडली आणि दुसरा पारखी बोलवा म्हणून सांगितलं.

घरी जाऊन आईला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "मला माहीत होतं." तू पोशाख पाठवतेयस हेही माहीत, मी तिथे बसतो हेही माहीत, आणि बाईने दोघांपैकी एकालाही अवाक्षर सांगितलं नाही! मी चिडलो, तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तिने पाठवला नसता आणि तुम्ही नीट बघितला नसता." खरंच होतं तिचं.

कारण मी एकदा नीट बघितलं नव्हतंच. दुकानात भर गिऱ्हाइकांत तू तळहातावर एक इवलासा कोट घेऊन आलीस आणि मी तो न बघताच चिंध्यांच्या टोपलीत टाकला. "बाहुल्यांचे कपडे शिवणं हे काम नव्हे," असं म्हणालो. तू तो उचललास, घडी घातलीस आणि गेलीस. संध्याकाळी मला कळत होतं की आपण चुकलो. पण उद्या बोलू म्हटलं, आणि तो उद्या सहा वर्षं लांबला. त्या कोटाचा मुंढा कसा होता, मला माहीत नाही. या दीड वर्षात बाहुल्यांचे शेकडो कपडे भिंगाखाली धरले, आणि तो मात्र बघितला नाही.

दुसरी पारखीण नाटकांचे कपडे शिवणारी वयस्क बाई होती. ती आत असताना मी बाहेर बाकावर बसलो. पाऊण तासाने ती बाहेर आली. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. चष्मा काढून म्हणाली, "सात नंबर. मी हात जोडले." तेव्हा हा निकाल माझा नाही ठकू, तिचा आहे, रंगारिणीचा आहे आणि आता साहेबांचाही आहे.

गुरुवारपर्यंत तुला कंपनीचं पत्र येईल. पुढची तीन वर्षं सेतुवीर तुझा. करारात पोशाखांची पारख करणाऱ्याचं नाव छापलेलं असतं, आणि ते नाव वाचून तू कागद परत पाठवशील, या विचाराने मला चार दिवस घास गोड लागला नाही. म्हणून सोमवारी मी ती नोकरी सोडली. त्या जागी आता ती नाटकवाली बाई बसेल. हा माझा त्याग-बिग आहे असं समजू नकोस. त्या तीन जिन्यांना गुडघे तसेही कंटाळले होते. मी फक्त एवढंच कळवायला लिहिलं की वाटेत आता मी नाही. घरी ये असं म्हणायचा हक्क मी कधीच घालवला. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. कंपनीला मात्र हो म्हण.

तुझ्या कामापुढे मान लववणारा, तुझाच
बाबा