विल्बर्त कुणाची चौकशी करतो

सोमवार, ३ मार्च

विल्बर्तच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे. आज खात्रीच पटली.

कार्निव्हलमुळे मेरिदाचे अर्धे रस्ते बंद, तरी सगळ्या बाया वेळेवर हजर. मी शिरा शोधल्या, सुया लावल्या आणि औषधखोलीच्या खिडकीवर टकटक केली. विल्बर्तने एकेक पिशवी दिली — नेहमीसारखी खाकी खोळीत झाकलेली. आत खरं औषध आहे की नुसतं मीठपाणी, हे अख्ख्या दवाखान्यात त्याला एकट्यालाच ठाऊक. मला नाही, डॉक्टर पेनिचेबाईंना नाही, बायांना तर नाहीच. नव्या औषधाची चाचणीच तशी आहे. म्हणून त्याने पिशवी द्यायची आणि खिडकी लावायची. बोलायचं नाही.

आज लावलीच नाही! मान बाहेर काढून म्हणतो कसा, "फिलिबेर्ताबाई कशा आहेत? पायाची सूज?"

"तुला काय करायचंय?"

"सहज विचारलं."

सहज! हा माणूस आजवर माझ्याकडे बघून कधी हसलासुद्धा नाही.

मंगळवार, ४ मार्च

आईला सांगितलं. म्हणाली, "लिहिया, तुझ्या दारात देवदूत आला तरी तू त्याच्याकडे ओळखपत्र मागशील." मागीनच!

सोमवार, १७ मार्च

पुन्हा तेच. फिलिबेर्ताबाईंची चौकशी, मग मोतूलच्या मिर्नाची. दोघींचीच. बाकीच्यांच्या पिशव्या बटाटे दिल्यासारख्या हातात टेकवतो. ह्या दोघींचीच चौकशी का?

फिलिबेर्ताबाई मला सगळ्यांत आवडतात. उगाच खोटं कशाला लिहू? इपिलच्या झग्यांवर दोऱ्याने फुलं भरून त्यांनी एकटीने लेकीला, रुबीला वाढवलं. आता बोटं आखडतात, गालांवर लाल चट्टे, आणि आजार हळूहळू किडन्यांकडे सरकलाय. त्या गेल्या तर रुबीला कुणी नाही.

आज सोमवार, म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या डब्यात घेवडा आणि डुकराचं मांस. माझ्यासाठी वेगळा वाटा.

"अळणी आहे गं पोरी. डॉक्टरीणबाईंनी मीठ बंद केलंय. कुत्र्याला घातलं, तर त्यानेही माझ्याकडे रागाने पाहिलं."

मग सुईकडे बघत, हळूच — "खरं सांग. माझ्या वाट्याला औषध आलंय ना?"

"मला खरंच माहीत नाही, काकू."

"तुझं तोंड तर मयताला आल्यासारखं दिसतंय."

घरी येताना बसमध्ये डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कीव! तो कीव करतोय. ज्यांना मीठपाणी चढतंय, त्यांचीच चौकशी करतो. मनाला टोचत असणार, दुसरं काय!

सोमवार, ३१ मार्च

आज त्याने फिलिबेर्ताबाईंसाठी संत्री पाठवली. स्वतःच्या परसातली! "माझं नाव सांगू नका," म्हणाला. आता काय शिल्लक राहिलं?

"सूज कशी आहे?" त्याने विचारलंच.

"उतरलीय जरा," मी तुटकपणे म्हटलं. खरंच उतरलीय. चपला पुन्हा पायात जातात. पण मीठ बंद केलं की कुणाचीही उतरेल. मला नाही फसवता येत.

तर विल्बर्तचे डोळे भरून आले. मी पाहिलं. दोषी माणसाचे डोळे.

गुरुवार, ३ एप्रिल

पेनिचेबाईंना सांगावं? त्या म्हणतील, पुरावा काय? संत्री?

सोमवार, १४ एप्रिल

बोलले. बोलून टाकलं एकदाचं.

पवित्र आठवडा, दवाखाना अर्धा रिकामा. रुबी मला कॉफीच्या यंत्रापाशी गाठायला आली. तिकुलला कुणी झाडपाल्याचं औषध देणारा आहे, किडन्या धुऊन काढतो म्हणे. पण त्याची अट — इथलं सगळं बंद करायचं, नेहमीच्या गोळ्यासुद्धा. "ताई, आईला इथं खरं औषध मिळत असेल तर मी तिला हलवणार नाही. तुम्ही दर वेळी बघता. तुम्हाला कळतच असेल."

"मला बोलायची परवानगी नाही," मी म्हटलं.

ती हलेना. रडायला लागली.

"पण माझी आई असती ना, रुबी, तर मी तिला त्या खुर्चीत बसवलं नसतं."

तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले. गोळ्या मात्र सोडू नका, एवढं मी निघताना म्हटलं. ऐकलं असेल तिने. मला फार हलकं वाटतंय. कुणीतरी त्या बाईच्या बाजूने उभं राहायलाच हवं होतं.

सोमवार, २८ एप्रिल

खुर्ची रिकामी. फोनवर रुबी एवढंच म्हणाली, "आम्ही तिकुलला आहोत. देव तुमचं भलं करो."

विल्बर्तने पिशवी तयार करून ठेवली होती. "येणारच नाहीत?" त्याने विचारलं. पुन्हा विचारलं. चेहरा पांढराफटक. बसू दे धक्का! किती दिवस तोंडावर साळसूदपणा मिरवणार होता?

सोमवार, १२ मे

आता मिर्नाची चौकशी जास्तच चालते. मी उत्तरच देत नाही.

सोमवार, ९ जून

फिलिबेर्ताबाई सरकारी रुग्णालयात. दोन्ही किडन्या बसल्या. झाडपाल्याच्या नादात गोळ्याही सोडल्या होत्या. संध्याकाळी भेटून आले. चेहरा इतका सुजलाय की मी त्यांना ओळखलंच नाही, त्यांनीच मला हाक मारली. "डबा नाही आणला गं आज," म्हणाल्या. जिन्यात बसून रडले.

आणि राग, राग नुसता! इतके महिने ह्या बाईच्या शिरेत मीठपाणी सोडलं, माझ्याच हातांनी, आणि त्या खिडकीमागच्या माणसाला सगळं माहीत होतं! वेळेवर औषध मिळालं असतं तर ही वेळ आली असती का? उद्या त्याच्या तोंडावर सांगणार. नोकरी गेली तरी बेहत्तर.

मंगळवार, १० जून

सांगायला गेले. विल्बर्त खाली मान घालून रडत होता, त्याला कळलं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत तोच बोलला. त्याच्या मुलीला हाच आजार आहे. सोळा वर्षांची आहे.

"म्हणून विचारायचो, लिहिया. ज्यांना खरं औषध चढत होतं, त्यांचीच चौकशी करायचो. गुण येतोय का, बघायला. फिलिबेर्ताबाईंना सगळ्यांत जास्त येत होता."

मग डोळे पुसून म्हणाला, "त्यांनी मधेच का सोडलं? तुम्हाला काही बोलल्या का?"