थोरल्या मामाला साप चावला नव्हता

४ फेब्रु. ७४
आमच्या मंदाला फळ्यावरचं दिसत नाही. शाळेत रजा टाकून डोळ्यांच्या डॉ.कडे नेलं. डोळ्यांतली दोन्ही भिंगं जागची सरकलीत म्हणे. नऊ वर्षांची पोर, माझ्या कानाला लागली. तिची लांब बोटं पाहून लघवी तपासायला घेतली. डॉ.नी विचारलं, "नवरा-बायको नात्यातले?" म्हटलं, हे माझे सख्खे मामा. आमच्यात चालतं.

११ फेब्रु.
लघवीत औषध टाकल्यावर रंग लालभडक. शरीरातलं एक एन्झाइम काम करत नाही. त्यामुळे होमोसिस्टीन नावाचं द्रव्य पुढं मोडत नाही, रक्तात साचतं. भिंगं सरकतात, रक्ताच्या गुठळ्या होतात. दोष आईबाप दोघांकडून यावा लागतो. "घरात आधी असं कुणी?"
हे खिडकीकडं बघत म्हणाले, "न्हाय."

१७ फेब्रु., मंगळवेढा
आईच्या पेटीत थोरल्या मामाचा, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाचा फोटो. काटकुळा, उंच, जाड चष्मा. साप चावून गेला असंच ऐकत आले. आईला विचारलं. ती ज्वारी निवडत राहिली. मग म्हणाली, "पाय सुजला, छातीत कळ आली. अठरा वर्साचा हुता. साप न्हाय, काय न्हाय."
"मला का नाही सांगितलं?"
"सांगितलं असतं तर लगीन केलं असतंस व्हय? माजा धाकटा तसाच ऱ्हायला असता की."
म्हणजे आईनं लेक नव्हे, भाऊ बघितला.
पाणीही न पिता एस.टी. धरली.

१८ फेब्रु.
ह्यांचं उत्तर: "ताईनं शपत घातली हुती." डॉ.समोरसुद्धा बहिणीनं घातलेली शपथच! माझ्या पोटात तिसरा महिना, हे माहीत असून...

२ मार्च
व्हिटॅमिन बी-सिक्सच्या गोळ्या सुरू. त्यानं काहींचं एन्झाइम चालू लागतं, काहींचं नाही. प्रथिनं कमी हवीत म्हणून दूध-डाळ मापात. गुठळीची भीती आहेच.

२५ मार्च
पुन्हा तपासणी. रंग फिका! गेला नाही, पण फिका. दवाखान्याच्या पायरीवर रडले. मंदा म्हणाली, "लोक बघतायत, आई."

३० मार्च
पोटातल्याचं? डॉ. म्हणाले, धोका चारात एक. आधी कळायची सोय इथं नाही.
आईचा निरोप, बाळंतपणाला ये. हे म्हणाले, "जा की. आई हाय ती."
"तुम्ही गप बसा, मामा."
लग्नापासून ही हाक बंद होती. हे भाकरी अर्धी टाकून उठले, सायकल काढली.
आईला काय कळवायचं, ठरत नाही.