टेबलाखालून पाहिलेलं कॉलेज

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्या भावाचं डोकं तुझ्या पायांवर. (केसांत लाकडाचा भुसा आहे, आशीर्वाद देताना हात जपून ठेव.) तुझा गुडघा आता वळतो का? दाजींचा खोकला आणि राग दोन्ही उतरले असावेत. मी खुशाल आहे, फक्त मान वाकडी झाली आहे. तिचं कारण पुढे येईल.

तू सांगितलंस म्हणून मंगळवारी आपल्या टिटवीने हट्ट धरलाय ते कॉलेज बघून आलो. तुझे शब्द लक्षात होते : भाची मामाचं ऐकते, तेव्हा एकदा जाऊन ये आणि तिथे काही अर्थ नाही असं तिला सविस्तर लिही. दाजींचं म्हणणंही मला पटलेलं होतं. एकाच वेळी गणित, चित्रकला, झाडपाला आणि तत्त्वज्ञान शिकणारी मुलगी शेवटी होणार कोण? तेव्हा मी नावं ठेवायच्या तयारीनेच निघालो. चूक एवढीच, की तिथून परस्पर कामावर जायचं म्हणून हत्यारांची पिशवी खांद्याला होती.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने पिशवी पाहिली आणि "आलात एकदाचे!" म्हणत माझा दंडच धरला. तीन आठवडे ते एका सुताराची वाट बघत होते. मी सुतार आहे, पण तो सुतार नव्हे, हे सांगेपर्यंत आम्ही निम्मं कॉलेज ओलांडलं होतं. (निम्मं म्हणजे फार नाही. विटांच्या तीन इमारती, मध्ये हिरवळ, संपलं.) पण ताई, काय सांगू! तिथे मुलं सगळी मिळून चारशे, आणि त्या पहारेकऱ्याला चारशेही नावं पाठ. कोणाची परीक्षा आहे, कोणाची आई आजारी आहे, तो जाता जाता विचारत होता. एक मुलगी प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत होती. तिने ओले हात कोटाला पुसले आणि शेजारच्या खोलीत जाऊन पियानो वाजवायला बसली. तीच मुलगी! ग्रंथालयाच्या जिन्यात मुलं वाचत बसलेली, आणि त्यांना कोणी उठवत नाही. बाकीचे पाय उचलून पलीकडे जातात. मीही गेलो, श्वास रोखून.

मग एका खोलीत मला टेबल दाखवलं. गोल, जुन्या सागवानाचं, बारा माणसं बसतील एवढं, आणि डुगडुगणारं. असलं लाकूड समोर आल्यावर मी कोण आणि कशाला आलो हे विसरलो. पिशवी उघडली आणि खाली शिरलो. तेवढ्यात अकरा मुलं आणि एक म्हातारे प्राध्यापक आत आले. मी बाहेर यायला लागलो तर ते वाकून म्हणाले, "तुमचं चालू द्या, आमचंही चालू देतो."

झालं. बारा जोड्या बुटांच्या मध्ये मी, आणि वर वर्ग. चर्चा अशी, की एखादी गोष्ट सरळ आहे हे माणूस कशावरून ठरवतो. एक मुलगी म्हणाली, मला हे कळलं नाही. आपल्या शाळेत असं बोललो की काय मिळायचं ते तुला आठवत असेल. हे प्राध्यापक मात्र म्हणाले, "मलाही नाही कळलेलं. चला, बघू या." पगारी मास्तर, ताई! आणि कोणी हसलं नाही.

मला राहवलं नाही. खालूनच बोलून गेलो, "कशाच्या मानाने सरळ, ते आधी ठरवा ना."

मग बारा डोकी टेबलाखाली उलटी लोंबायला लागली. मी लाजेने लाल. पण "सांगा ना काका," म्हणाले सगळे. तेव्हा जमिनीवर पाणसळ ठेवून दाखवली. तिच्यातला बुडबुडा एका बाजूला पळाला. टेबलाचे पाय एकसारखे आहेत, एका पायाखाली जमीनच वर आलेली आहे. बुडबुडा बघायला प्राध्यापकांसकट सगळे फरशीवर पालथे पडले. मग प्रश्न निघाला : दोष जमिनीचा, तर पाय टेबलाचा का कापायचा? तीस वर्षं मी पाय कापतोय, ताई, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतःही नाही. मी म्हणालो, पाय कापला तर टेबल या खोलीपुरतं सुधारेल आणि दुसऱ्या खोलीत बिघडेल. त्यावर ते तासभर भांडले. मीही भांडलो. मान तेव्हाच गेली.

शेवटी प्राचार्यबाई आल्या, सोबत खरा सुतार. मी सगळं कबूल केलं : मामा आहे, हेरगिरीला आलो होतो. त्यांनी राग न धरता एक जाडजूड वही पुढे केली. आधीची मुलं आता काय करतात, त्याची नोंद. एक न्यायाधीश, एक पाव भाजणारी, एक मधमाश्या पाळणारा, आणि एकापुढे लिहिलेलं, 'अजून ठरवतो आहे'. त्याचं वय बावन्न. हेही त्या अभिमानाने दाखवत होत्या!

तर नावं ठेवायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. दाजींना सांग, मुलीला पाठवा.

तुझा,
धाकटा

ता. क. एक सांगायचं राहिलं. तिथल्या कामगारांना आवडीच्या एका वर्गात बसू देतात. तो खरा सुतार तीन-तीन आठवडे उगवत नाही, म्हणून तिथली सुतारकामं मी धरली आहेत आणि त्या म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या वर्गात दर गुरुवारी बसणार आहे, आता टेबलाच्या वर. पुस्तक दिलंय, चौथ्या पानावर अडकलो आहे.

ता. क. दुसरा. हे मी काल टिटवीला आनंदाने फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मामा, तू वर्गात असशील तर मी त्या कॉलेजात पाऊल ठेवणार नाही." तेव्हा दाजींचं राहू दे, तू आधी तिची समजूत काढ. मी कोपऱ्यात बसेन. तिने ओळख दाखवली नाही तरी चालेल. फक्त गुरुवार सोड असं मला सांगू नकोस.