मौनराणीचा तपकिरी

१० सप्टेंबर, रविवार

क्विन्सीने आमच्या चित्रकथेच्या नवव्या अंकाची पानं रंगवायला आणून टाकली. चोवीस पानं, आणि चित्रांतल्या बहुतेकांचे हात खिशात! हा माणूस दिवसभर दुकानात लोकांच्या कानामागून वस्तरा फिरवतो, पण कागदावर पाच बोटं काढायची म्हटली की हा हात लपवून मोकळा. तसं म्हटलं तर म्हणाला, शिकागोत थंडी असते, मिस आर्डेलिया. गोष्ट जुलैतली आहे.

शेवटचा अंक. यात मौनराणी हरणार. आठ अंक मी याचीच वाट बघतेय.

१२ सप्टेंबर

रंगांच्या नमुन्यांचं खोकं काढलं. पुठ्ठ्याचे एकेचाळीस पत्ते, एकेचाळीस तपकिरी, एक सोडून प्रत्येकाच्या पाठीवर ज्याचा रंग त्याचं नाव. पगारासाठी मी रंगाच्या दुकानात लोकांच्या भिंतींचे रंग कालवते. गिऱ्हाईक चिंधी घेऊन आलं तरी तिसऱ्या थेंबाला जुळवून देते. बड्या कंपन्यांच्या चित्रकथांत आपली काळी माणसं सगळी एकाच डब्यात बुडवून काढलेली असतात. आमच्या अंकात ते चालणार नाही, हे क्विन्सीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. गर्दीतला बाप्यासुद्धा आमच्या चर्चमधल्या कुणाचा तरी रंग घेऊन उभा राहतो.

हे लोकांना कळलंय, हीच पंचाईत. चर्चची व्यवस्था बघणारे डीकन पर्विस दर रविवारी अडवून विचारतात, माझा रंग नायकाला कधी देणार? तीन अंक झाले, ते बसच्या रांगेत उभे आहेत.

एका पत्त्याच्या पाठीवर नाव नाही. मौनराणीचा. तो व्होनेटाचा रंग. माझी सख्खी मोठी बहीण. नऊ वर्षं माझ्याशी बोललेली नाही, आणि मीही तिच्याशी. राहते गॅरीला, गाडीने पाऊण तास! मौनराणी अख्ख्या वस्तीची वाचा पळवते. ही कल्पना क्विन्सीला कुठून सुचली कोण जाणे. मला मात्र तिचा रंग शोधायला कुठे जावं लागलं नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

चर्चनंतर लूडी आली. ती लाकडी ठशांची चित्रं करते. चित्रकथांच्या मेळ्यात चौदा वर्षं आमची टेबलं शेजारी — एक जेवायला गेली की दुसरी दोन्ही टेबलं सांभाळते. तिने खोकं उपसलं आणि नेमका बिननावाचा पत्ता उचलला. एका गिऱ्हाइकाचा, म्हटलं. तिने तो खिडकीशी नेऊन पाहिला.

“डीली, थापा नको मारूस. हा घरातला रंग आहे.”

सांगून टाकलं. ती इतकी हसली की कॉफी सांडली. म्हणाली, लोक भांडतात, पत्र लिहितात, फोन आपटतात. बहिणीला आठ अंक खलनायिका करून ठेवणारी मी पहिलीच!

मग आठवलं, लूडीची मावशी व्होनेटाच्याच चर्चमध्ये गाते. जीभ चावली. उशीर झाला होता.

२० सप्टेंबर

लूडीच्या तोंडात तीळ भिजत नाही. व्होनेटाला कळलं. मेळ्याला येणार म्हणते.

२१ सप्टेंबर

झोप नाही. तर लिहितेच.

आई गेली तेव्हा तिला तयार करण्याचं काम व्होनेटाने घेतलं. पोशाख, टोपी, चेहऱ्याचा रंग — सगळं. मी म्हटलं होतं, चेहरा मी करते, माझा हा धंदाच आहे. ती म्हणाली, ही तुझी भिंत नाही. मग अंत्यदर्शनाच्या दिवशी शवपेटीशी गेले आणि बघते तर आई लाल! विटेसारखी. चर्च भरलेलं, गाणारे उभे, आणि मी मोठ्याने म्हणाले, “ही माझी आई नाही. हिला एवढी लाल कुणी केली?”

व्होनेटा काही बोलली नाही. तेव्हापासून बोललेलीच नाही.

त्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून मी व्होनेटाचा रंग कालवला. रागाने. एका बैठकीत जमला, पुन्हा हात लावावा लागला नाही. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

ओरडायला नको होतं. पण डोळ्याला दिसलं ते दिसलं. माझा डोळा चुकत नाही.

२५ सप्टेंबर

क्विन्सीशी वाजलं. शेवटच्या पानावर तो मौनराणीला मारत नाही! ती सगळ्यांचे आवाज परत करते आणि पायरीवर बसून राहते. मी म्हटलं, आठ अंक लोकांनी हे बघायला वाचले का? मार तिला. तो एका गिऱ्हाइकाची मान भादरत होता. आरशातूनच म्हणाला,

“मारली असती. पण मिस आर्डेलिया, तुम्ही सगळ्यांत जीव लावून रंगवता ती तिलाच. नायकाकडेसुद्धा इतकं बघत नाही तुम्ही.”

खुर्चीतल्या माणसानेही मान डोलावली. त्याला कुणी विचारलं होतं?

२९ सप्टेंबर

सोमवारी पानं छपाईला जायची. व्होनेटा येईल, बघेल, चारचौघांत माझी शोभा करेल. मला त्याची भीती नाही. भीती वेगळीच आहे — ती येईल, बघेल, आणि काहीच न बोलता जाईल. मग पुढची नऊ वर्षंही गेलीच म्हणायची. आम्ही दोघी साठीच्या आहोत.

म्हणून एका पानाच्या प्रतीवर मौनराणीला डीकन पर्विस यांचा रंग देऊन पाहिला. निदान त्यांना मोठी भूमिका मिळाली असती. पण बाई परकी दिसायला लागली. ती प्रत फाडली आणि मूळ पान व्होनेटाच्याच रंगात केलं.

८ ऑक्टोबर, रविवार

अंक छापून आले. सुरेख! लूडी म्हणते, तुझ्या बहिणीसाठी खुर्ची आणू का? मी बोलले नाही तिच्याशी. अर्धा तास. मग तिनेच केक कापला.

१४ ऑक्टोबर, शनिवार

वाचनालयाचं सभागृह खच्चून भरलेलं. अकराला ती आली. रविवारची जांभळी टोपी घालून — शनिवारी! लूडीने माझं टेबल सोडून स्वतःच्या टेबलावर डोकं खुपसलं.

व्होनेटाने नऊही अंक पुढ्यात ओढले. एकेक पान उलटलं. म्हातारी झालीय. मग बाही वर केली, मनगट मौनराणीच्या गालाशेजारी ठेवलं आणि वर बघितलं.

“हा माझा रंग नाही, डीली.”

मी म्हटलं, छपाईत थोडं इकडेतिकडे होतं. ती म्हणाली, छपाईचं नाही हे. आणि मग अगदी हळू, शेजारच्या टेबलालाही ऐकू जाणार नाही असं —

“त्या दिवशी दोन तास मी माझं मनगट आईच्या गालाला लावून बसले होते. त्यावरून प्रेतं सजवणाऱ्या त्या बाईने आईचा रंग केला. रंगाने मी हुबेहूब आई, म्हणून मला सगळे आईचं मनगट म्हणायचे, आठवतं?”

आठवत नव्हतं. तिने सगळे अंक विकत घेतले, क्विन्सीची सही घेतली, माझी नाही. जाताना म्हणाली, घरी गेलीस की उजेडात बघ. मग मला राग आला. मला उजेडात बघायला सांगते! चाळीस वर्षं रंग कालवतेय मी.

१५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी खिडकीशी बसून तो बिननावाचा पत्ता माझ्या मनगटावर ठेवला. पत्ता माझ्याच कातडीत दिसेनासा झाला.

आठ वाजता फोन केला. पहिल्याच घंटेला उचलला तिने. मी म्हटलं, आई लालच होती, नाही का गं?