भिमाबाईले कोणी सांगितलं नाही

धामणगाव बढे
१२ सप्टेंबर २०११

चि. दयाराम यास,

पंचफुलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज तू मले काऊन शिकवतोस बे? मीबी त्याच घरातून आली. मंजुश्री तुही पोरगी तशी माही सून, अन् नातवंड दोघांचं. मी पाठवत नाही असं नाही.

मले भेव दुसरं हाये. तिचा एचआयव्हीचा कागद आल्यापासून चार महिने मी फिरून राह्यली. चाचणी एकीकडं, गोळ्या दुसऱ्या गावी, पोट तपासणारी तिसरीच. एकीनं काय केलं ते दुसरीले माहीत नसते, दर खेपेले मीच तोंडानं सांगते. तिकडं कोण सांगंल? चाचणीवाल्या बाईले म्हटलं, तिकडच्या दवाखान्यात फोन करा. ती म्हणे, गुप्त ठेवा लागते, फोनवर बोलत नाही. बंद चिठ्ठी दिली. ती बाळंतपणाच्या सिस्टरच्या हातीच दे. कळा सुरू झाल्या की मंजुश्रीले गोळी, अन् बाळाले तीन दिवसांच्या आत औषधाचे थेंब. मग सहा महिने निरं आईचं दूध. पाणी नाही, घुटी नाही, मध नाही. म्हणून मंजुश्रीच्या मायले, भिमाबाईले, समदं सांगून ठेव. मोबाईलवर हे बोलू नको, आपल्याकडं फोन चार घरं ऐकतात.

दोष माह्या पोराचा, संघर्षचा हाये, गुजरातेत कापसाच्या ट्रकवर होता तेव्हाचा. ते मी नाकारत नाही. तोबी आता गोळ्या घेते. यंदा बीटी कपाशीवर लाल्या रोग पडला, पण त्याचं रडत बसायले मले फुरसत नाही.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुही ताई,
पंचफुला


पिंपळगाव राजा
२० ऑक्टोबर २०११

ती. ताईस,

दयारामचा सप्रेम जयभीम. वि. वि.

नात झाली. सोळा तारखेला, सव्वादोन किलो. मंजुश्री बरी आहे.

ताई, एक चूक झाली. केसपेपरच्या खिडकीवर आपल्या गल्लीतला कलीम बसला होता. चिठ्ठी त्याच्या नजरेस पडेल म्हणून मी ती खिशातून काढलीच नाही. आतल्या सिस्टरला काही माहीत नव्हतं, गोळी राहून गेली. तिची आई उशाशी होती म्हणून मंजुश्रीही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आई चहाला गेली तेव्हा तिनं सांगितलं. मग सिस्टरची धावपळ झाली आणि बाळाला थेंब मिळाले. तीन दिवसांच्या आतच मिळाले.

मंजुश्रीच्या आईला मी अजून सांगू शकलो नाही. घरी आल्याबरोबर तिनं बाळाला मधाचं बोट चाटवलं. मी तिथंच उभा होतो. थांब म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

रागावलीस तरी भाऊ म्हण.
तुझा,
दयाराम


धामणगाव बढे
२७ ऑक्टोबर २०११

भिमाबाईस,

पंचफुलाचा जयभीम. वि. वि.

विहीण झालीस तरी तुले तूच म्हणते. हे पत्र तूच वाच. हळू वाच, पण दुसऱ्याकडून वाचून घेऊ नको.

मंजुश्रीले एचआयव्ही हाये. माह्या संघर्षकडून आला. दयारामले उन्हाळ्यापासून माहीत हाये. तुले सांगायची त्याची हिंमत झाली नाही, अन् मीबी त्याच्यावर टाकून मोकळी झाली. चुकली.

तिले हात लावल्यानं काही होत नाही. मी तिच्यासंग एका ताटात जेवते. पण बाळाले मध, पाणी, घुटी आजपासून बंद. आईच्या दुधात वरचं मिसळलं की बाळाले धोका वाढते, असं सिस्टर म्हणे. तू दिला तो मायेनं दिला. ज्यायनं तुले सांगितलं नाही त्यायचा गुन्हा हाये.

दीड महिन्याची झाली की टाचेतून रक्त काढतात. ती तारीख तू धरून ठेव, दयारामच्या भरवशावर राहू नको.

नातीले माहा मुका.
पंचफुला


धामणगाव बढे
१५ डिसेंबर २०११

भिमाबाईस जयभीम.

रक्त काढलं का? दयाराम फोनवर निरा हूं हूं करते. त्याच्या हूं हूंनं मले काय समजते? एक ओळ टाक.

पंचफुला


पिंपळगाव राजा
२४ जानेवारी २०१२

ती. पंचफुलाताईंस,

भिमाबाईचा जयभीम. वि. वि.

तुमची दोन्ही पत्रं पोचली होती. उत्तर मुद्दाम दिलं नाही. कलीमपासून लपवलं ते समजलं. पण पोरगी माही, घर माहं, अन् बाळाच्या तोंडात बोट माहं. मलेच सांगितलं नाही. तुमचे भाऊ हप्ताभर हातानं वाढून जेवले.

पत्र वाचलं त्याच दिवशी मध शेजारी देऊन टाकला. सत्यभामाबाई घुटी उगाळून घेऊन आली, तिले दारातूनच परत लावली. ती आता बोलत नाही. न बोलो.

रक्त काढायले मीच घेऊन गेली. रक्तवाल्या बाईले हाताले धरून बाळंतपणाच्या सिस्टरपुढं उभी केली. म्हटलं, तुमच्या दोन दारांत दहा पावलं नाहीत अन् माह्या पोरीची गोळी हुकली. आता माह्या पुढ्यात ठरवा, कोण कोणाले सांगते. दोघी माह्यावर चिडल्या. मग बसल्या अन् बोलल्या. मागच्या हप्त्यात तशीच एक बाई आली, तिची गोळी सिस्टरनं आधीच काढून ठेवली होती.

रिपोर्टसाठी चार चकरा झाल्या. परवा आला. बाळाले नाही. दूध सुटल्यावर पुन्हा पाहतात, अन् दीड वर्षाची झाल्यावर पुन्हा, तोवर पक्कं म्हणत नाहीत. मंजुश्रीनं ऐकलं अन् बाळाले दुसऱ्या अंगावर घेतलं.

ती तुमच्याकडं येतो म्हणते. मी तिले अडवत नाही. न्यायले तुम्ही या. नातीवर लोभ आहेच. माह्यावर ठेवायचा असंल तर आधी चार शिव्या ऐकायच्या तयारीनं या.

भिमाबाई