आत्याबाईंपर्यंतची रेघ

मुलींचं वसतिगृह, विद्यापीठ,
छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२६

ती. आत्याबाई,

द्वारकाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. थंडीनं तुमचे गुडघे जास्त धरले असतील. दिवाळीत आणलेलं तेल फडताळात तसंच पडलेलं असणार हे मला माहीत आहे, तरी विचारते, लावता का?

सोनिया, पत्र तूच वाचणार, म्हणून तुला आधीच सांगते. आपल्या ह्या सासूबाई निवांत बसल्या की वाच. एका हातानं भाकरी थापत वाचू नको, आणि तुला नको वाटलं म्हणून मधलं काही गाळू नको. मी फोन केला की "तिला सांग, मी रानात गेले" असं त्यांचं शेजारी बसून सांगणं मला स्पष्ट ऐकू येतं. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्राला रानात गेले म्हणून सांगता येत नाही.

मी मजेत आहे. खोलीत माझ्यासोबत विशाखा आहे, कन्नड तालुक्याची, वयानं माझ्या निम्मी. मला काकू म्हणते आणि माझंच खोबरेल तेल लावते. जुलैतली गंमत तुम्हाला सांगायची राहिली. पहिल्या दिवशी मी वर्गात पाय ठेवला तर सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं नव्या मॅडम आल्या. मी घाबरून "बसा, बसा" म्हणाले, तर सगळे बसले सुद्धा. मग मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा हशा पिकला. अजून पोरं विचारतात, काकू, आज काय शिकवणार?

इथं पाठीमागं डोंगर आहे. सकाळी मोर ओरडतात. वाचनालयात जागा मिळायची मारामार, म्हणून मुली पहाटेच बॅग ठेवून येतात. मीही आता खुर्चीवर रुमाल टाकायला शिकले, एसटीत टाकतो तसा. एका पोरानं रुमाल उचलून बाजूला ठेवला होता. त्याला असं झापलं की आता तोच माझी जागा धरून ठेवतो. म्हणजे तुमचं वळण काही अगदीच गेलेलं नाही.

उद्या भोगी. मेसमध्ये भोगीची भाजी करणार म्हणतात, पण त्यांच्या कुठल्याही भाजीवर बोटभर तेल तरंगतं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी तुमच्या हातची आठवते. परवा चौदा तारीख. त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटवर गावोगावची माणसं येतात, नामविस्ताराचा दिवस म्हणून. विशाखाची आजी चंपाबाई दरसाल येते. पांढरं लुगडं नेसते, गेटला हात लावून नमस्कार करते आणि मग झाडाखाली बसून सगळ्यांना भाकरी वाढते. विशाखानं मला आत्ताच बजावून ठेवलंय, काकू, तुम्ही आमच्यात जेवायचं. मी जाणार आहे.

पुढच्या आठवड्यात स्नेहसंमेलन आहे. वरच्या मजल्यावर मुली नाचाची तालीम करतात आणि आमचा पंखा न लावता हलतो. मलाही उभं करायला निघाल्या होत्या. मी म्हणाले, बायांनो, मी पडदा ओढते, तेवढं पुष्कळ झालं.

आणि मग चोवीस तारखेला, शनिवारी, वसतिगृहाचा पालक मेळावा आहे. पुढं खुर्च्या मांडतात. एकेकीचं नाव पुकारतात, तिच्या घरचं माणूस येऊन खुर्चीवर बसतं, आणि मुलीनं त्यांना फूल द्यायचं. रेक्टर मॅडम सगळ्यांची नावं विचारत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि जरा अडखळल्या. मुली म्हणाल्या, मॅडम, काकूच आमच्या पालक. सगळ्या हसल्या, मीही हसले. म्हणाले, नंतर सांगते.

म्हैस व्याली का? पारडी झाली का रेडा? सुदर्शन भाऊजींनी गोठ्याची पत्र्याची बाजू नीट करून घेतली का? सोनिया, वाऱ्याच्या बाजूनं पोतं बांध, सासूबाई तिथंच बसतात.

आमच्या अभ्यासाचं सांगायचं राहिलं. आमचा विषय समाजशास्त्र. माणसं एकमेकांची कोण लागतात हे सुद्धा इथं शिकवतात. तुम्ही हसाल, पण त्याची परीक्षा असते. विश्वजीत सर म्हणून आहेत, माझ्याहून लहान, पण शिकवतात जीव लावून. त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. पुरुष असेल तर त्रिकोण, बाई असेल तर गोल. नवरा-बायकोच्या मध्ये आडव्या दोन रेघा. आईपासून लेकरापर्यंत उभी रेघ. आणि माणूस मयत असेल तर त्याच्या खुणेवर एक तिरकी रेघ मारायची. मग म्हणाले, आता आपापलं घर काढा.

मी सगळ्यात आधी तुमचा गोल काढला. शेजारी मामाजींचा त्रिकोण काढून त्यावर तिरकी रेघ मारली. तुमच्याखाली सुदर्शन भाऊजी, त्यांच्या शेजारी सोनिया. मग ह्यांचा त्रिकोण, त्याच्या शेजारी मी. आमच्याखाली काढायला कुणी नव्हतं. ह्यांच्यावर रेघ मारायची वेळ आली तेव्हा हात चालेना. बाजूची पोरगी म्हणाली, काकू, पेन संपला का? शेवटी मारली, आणि त्या कागदाकडं बघत बसले. तुमच्याकडून माझ्याकडं यायची सगळी वाट ह्यांच्यावरूनच होती. दुसरी वाटच नव्हती.

मग मी पट्टी घेतली आणि तुमच्या गोलापासून माझ्या गोलापर्यंत एक रेघ सरळ ओढली.

सर फिरत आले. म्हणाले, ही कुठली रेघ? रक्ताची का लग्नाची? मी म्हणाले, सर, दोन्हीची नाही. मग कशाची, म्हणाले. मला सांगता आलं नाही. वर्गात सगळ्यांपुढं माझे डोळे भरून आले, ह्या वयात. सरांनी तिच्यावर लाल फुली मारली आणि मार्क कापले. माणूस वाईट नाही. शास्त्रात अशी रेघ बसत नाही म्हणाले, एवढंच.

सोनिया, आता पुढचं सावकाश वाच. त्या उठून गेल्या तर थांब, आणि परत आल्या की इथूनच धर.

आत्याबाई, मी निघाले त्या दिवशी बॅग घेऊन ओट्यावर उभी होते. तुम्ही गोठ्यात होता, पाठ माझ्याकडं. तुम्ही सोनियाला म्हणालात, "ज्याच्यामुळं ती ह्या घरात होती तो गेला. आता ती कशाला राहील?" मी ऐकलं. तुमच्या पाया न पडता निघाले ते त्यामुळं. एसटीत खिडकीशी बसून शहर येईपर्यंत रडले. दिवाळीला आले तर तुम्ही मला चुलीपाशी येऊ दिलं नाही. "बस, तू पाव्हणी" म्हणालात, तांब्याभर पाणी आणून पुढं ठेवलंत आणि सगळ्यांच्या आधी ताट वाढलंत. त्या घरात मी वीसेक वर्षं शेवटी जेवले. आधी वाढलेलं ते ताट मला गिळवेना.

तुम्ही बोललात याचा राग नाही. मला भीती याची वाटली, की ते खरं असलं तर? ह्यांच्यामुळं मी त्या घरात आले, हे खरंच आहे. पण आत्याबाई, ते गेल्यावर मी अन्नाला शिवत नव्हते तेव्हा तुम्ही पण ताट बाजूला सारून बसायच्या. "तू खाल्लं तर मी खाईन." मी बी.ए.चा अभ्यास करायचे तेव्हा दुधाचा चहा झाकून ठेवायच्या, वर परत म्हणायच्या, पुस्तकानं पोट भरतं व्हय? ह्यांच्यामुळं आले, पण राहिले तुमच्यामुळं. सरांनी विचारलं तेव्हा हे सुचायला पाहिजे होतं.

माझा भाऊ कडूबादादा परवा फुलंब्रीहून भेटायला आला होता. म्हणाला, मेळाव्याला मी येतो, आता तुझं दुसरं आहे कोण? मी नको म्हणाले तर रुसून गेला. दादाचा जीव आहे माझ्यावर. पण तो त्या खुर्चीवर बसला की मी माहेरी परत गेले असं होईल. मी माहेरी गेलेली नाही. मी शिकायला आले आहे.

शिकून झाल्यावर नोकरी कुठं लागेल, मला माहीत नाही. देवगावातच राहीन असं खोटं लिहिणार नाही. पण इथं कुणीही विचारलं, घर कुठलं, तर माझ्या तोंडून देवगाव रंगारीच येतं.

रेक्टर मॅडमना मी तुमचं नाव सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, सासू? मी म्हणाले, व्हय, सासू. तुम्हाला न विचारता सांगितलं. रागवायचं असेल तर इथं येऊन रागवा, फोनवरून नको. आणि नाहीच आलात तर खुर्ची रिकामी राहील. तिच्यावर मी दुसऱ्या कुणाला बसवणार नाही.

गुडघ्यांना तेल लावा.

तुम्ही ठेवाल त्या नात्यानं, पण तुमचीच,
द्वारका

*

देवगाव रंगारी
१७ जानेवारी २०२६

चि. द्वारका हिला भागूबाईचा आशीर्वाद.

(ताई, मी सोनिया लिहिते. त्या बोलतील तसंच लिहायचं, शहाणपणा करायचा नाही, अशी ताकीद आहे.)

पत्र पोचलं. सोनियानं वाचलं. मी काय मुद्दाम ऐकत नव्हते, तूर निवडत होते, कानावर पडलं. (तूर सुपात तशीच होती, ताई.)

तेल लावते. म्हैस व्याली, पारडी झाली, तुझ्यावानीच डोकं हलवती. पोतं बांधलं.

ताटाचं म्हणती, तर तू पार वाळून आली होतीस म्हणून आधी वाढलं. पाणी दिलं तर त्याचं बी वाईट वाटलं. मंग माणसानं करावं तरी काय? चुलीपाशी येऊ दिलं नाय, कारण तू तिथं बसली असतीस तर मला रडू आलं असतं. सणाच्या दिवशी ते कशाला?

गोठ्यात बोलले ते तुला ऐकू गेलं हे मला ठाव नव्हतं.

(इथं त्या उठून गोठ्यात जाऊन आल्या. मी विचारलं, बंद करू का? तर म्हणाल्या, लिही.)

ते मी तुला टोचायला नाय म्हणले. मला भ्या वाटलं. सर्जेराव गेला तवा तू होतीस. तू बी निघालीस, मंग मी कुणाच्या तोंडाकडं बघू? मनात होतं, जाऊ नको. पण तुला शिकायचं होतं, त्याची बी तीच इच्छा होती, मंग जाऊ नको कसं म्हणावं? म्हणून तोंडातून ते वाकडं निघालं. तू पाया न पडता गेलीस, तर मी बी एसटी नजरेआड होईपर्यंत मागं बघितलं नाय. आपण दोघी सारख्याच आडमुठ्या.

आता त्या मास्तराचं. तुझ्या रेघेवर फुली मारतो, आन वर रक्ताची का लग्नाची इचारतो. त्याला माझ्यापुढं उभा कर. जी माझ्यासंगं उपाशी बसली आन माझ्यासंगं जेवली, तिची रेघ हाय म्हणावं. तुझ्या शास्त्रात बसत नसंल तर शास्त्रात जागा कर म्हणावं. कापलेले मार्क मी मागून घेणार हाय.

कडूबाला म्हणावं, रुसू नको, मेळाव्याला ये आन शेजारच्या खुर्चीवर बस. द्वारकाच्या नावाची खुर्ची माझी हाय.

सुदर्शन मला शुक्रवारी घेऊन येतो. राहायची सोय मॅडमला इचारून ठेव. मेसचं तेलकट मी खाणार नाय. तीळ लावून भाकरी आणते, भोगी झाली तरी चालंल. त्या विशाखासाठी बी आणते. तिच्या आजीनं तुला वाढलं असंल, त्याची परतफेड नको का?

मला सही येत नाय, हे मास्तराला आधीच सांगून ठेव. खाली अंगठा देते. बाईची खूण गोल असती म्हणलीस ना, तर हा माझा गोल. रेघ तू वढ. पट्टी नसली तरी चालंल.

तुझी पालक,
भागूबाई
निशाणी डाव्या हाताचा अंगठा